वरच्या मजल्यावरची पावलं

वरच्या मजल्यावरचे सेनदादा बंगालीत कविता लिहितात. ओळ जुळेपर्यंत खोलीत फेऱ्या मारतात. मुलीची परीक्षा म्हणून मीच त्यांना म्हटलं, "दादा, खाली फार आवाज येतो." ते ओशाळले. फेऱ्या थांबल्या.

आज वर गेलो तर ते खुर्चीत बसलेले. समोर कोरा कागद, पाय मात्र जागच्या जागी हलत होते.

"बसून जमत नाही यांना," वहिनी हसल्या. "आता दिवसभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात!"

मला हसता येईना. आवाज मोजता येतो. न झालेली कविता कशी मोजायची?

"परीक्षा संपली, दादा," मी म्हणालो. मुलीचे तीन पेपर बाकी होते.

संध्याकाळी वर पावलं वाजू लागली. मुलीने पुस्तकातून मान वर केली. "बाबा, परत सुरू झालं!"

मी तिच्याकडे न बघता पंखा मोठा केला.