टिकल्यांचं पाणी

आंधळगावात रत्नमालाच्या घरी जो येई तो आधी काचेच्या पेटीकडे पाही, मग तिच्याकडे, आणि मग एकच वाक्य बोले. "पाणी बदल न बाई." दूधवाला तेच, गॅसवाला तेच, लग्नाची पत्रिका द्यायला आलेली नवऱ्याची मावशी तेच. पहिले पंधरा दिवस रत्नमालानं एकेकाला समजावून सांगितलं. पुढचे आठ दिवस ती नुसती मान हलवून "हाव" म्हणाली. त्यानंतर मात्र तिचं डोकं सरकलं. जो तोंड उघडेल त्याला ती विचारू लागली, "तुमच्या घरच्या कोऱ्या चहाचं पाणी येऊ का बदलून द्याले?"

पाणी होतंच तसं, चहाच्या रंगाचं. तळाशी येनाची, म्हणजे ऐनाची, आणि अर्जुनाची वाळकी पानं. मधोमध एक वाकडंतिकडं मूळ, आणि ते तरंगून वर येऊ नये म्हणून त्याच्यावर ठेवलेला घरचा वरवंटा. या सगळ्यात पाच मासे. बोटाच्या पेराएवढे, डोक्यावर चांदीचा एकेक ठिपका. तिच्या माहेरी, नाकाडोंगरीला, त्यांना टिकल्या म्हणत.

लोकांना हसायला कारणही आयतं होतं, कारण रत्नमाला गावची आशा सेविका होती. दर शुक्रवारी गावात कोरडा दिवस. म्हणजे घरातले माठ, ड्रम, टाकी, कूलर सगळं उपसायचं, घासायचं, वाळवायचं, म्हणजे डासांच्या अळ्या मरतात. हे दारोदार सांगायचं काम तिचं. आणि ती काही गोड बोलून सांगणारी नव्हती. ज्याचा ड्रम भरलेला दिसेल त्याचा ती स्वतः लाथेनं आडवा करी. अशा बाईच्या घरी गटाराच्या रंगाचं पाणी!

सगळ्यात जास्त तोंड चाले ते गोमाजीचं. गोमाजी साठीपुढचा शेतकरी. गावाच्या कडेला त्याची वाडी. वाडीत विहीर, आणि विहिरीजवळ येनाच्या झाडाखाली एक जुनं सिमेंटचं टाकं. मोटारीच्या गळक्या पाइपातून त्यात पाणी पडत राही. दोन वर्षांपासून रत्नमाला ते टाकं उपसायला सांगत होती, आणि दोन वर्षांपासून तिच्या रजिस्टरात त्या टाक्यापुढे लाल खूण होती.

"आशाबाई," गोमाजी चार लोकांत म्हणे, "आधी तुमची गटार उपसा, मंग माझं टाकं."

यावर रत्नमालाकडे उत्तर होतं, पण ते एका वाक्यात मावणारं नव्हतं, आणि लोकांना एका वाक्यापलीकडे ऐकायची सवय नाही. तिच्या माहेरच्या जंगलातल्या नाल्यात एक डोह होता. दोन्ही काठांवर येन आणि अर्जुन. त्यांची पानं पडून पडून डोहाचं पाणी कायम तांबूस काळं. त्यात टिकल्या. खाली बंधारा झाला तेव्हापासून खालून मासा वर चढेनासा झाला. गेल्या एप्रिलमध्ये ती माहेरी गेली तर डोह परातीएवढा उरलेला, आणि त्या परातीत नऊ टिकल्या. तेवढ्याच. तिनं भावाची दुधाची कॅन घेतली, नऊच्या नऊ काढल्या आणि एसटीनं आंधळगावला आणल्या. पाऊस झाला, डोह भरला, की नेऊन सोडायच्या. हेच तिचं सगळं गणित. या मेल्या तर डोह भरेल, पण रिकामा भरेल.

पहिली चूक तिनं स्वतःच केली होती. भंडाऱ्याच्या दुकानातून काचेची पेटी आणली, सोबत दुकानदारानं निळे खडे आणि प्लास्टिकचं झाड दिलं. बोअरचं पाणी भरलं. पेटी टीव्हीतल्यासारखी दिसू लागली, आणि तीन दिवसांत चार टिकल्या मेल्या. उरलेल्या पाच कोपऱ्यात तोंड खुपसून बसल्या. रत्नमालानं निळे खडे अंगणात भिरकावले आणि मोबाइल घेऊन बसली. एका हिंदी व्हिडिओत एक माणूस अशीच पेटी दाखवत होता. पानं टाका, पाण्यात वाहून आलेलं लाकूड टाका, पाणी काळं होऊ द्या, मासा खूश. पानं मागवायला त्यानं खाली पत्ताही दिला होता, दहा पानांचं पाकीट.

"पाकीट!" रत्नमाला एकटीच ओरडली. "आमच्या तथी शेळ्या खाऊन राहिल्या थे पानं!"

पानं माहेरून पोतंभर आली. मूळ वैनगंगेच्या काठावर सापडलं, पुरात वाहून आलेलं, गुळगुळीत झालेलं, फक्त टोकांशी बारीक तंतू उरलेलं. ते तिनं लग्नकार्याच्या मोठ्या गंजात घालून दोन दिवस उकळलं. गंज आतून काळा पडला. नवरा निकेश भंडारा रोडवर ऑटो चालवतो. तो घरी आला, गंजात डोकावला आणि म्हणाला, "आज भाजी ह्येच आहे काय?" एवढं उकळूनही मूळ बुडायचं नाव घेईना. मग वरवंटा ठेवला. सासू वच्छलाबाईंची चटणी त्या दिवसापासून बंद.

पण पाणी मुरलं. पंधराव्या दिवशी टिकल्या कोपऱ्यातून बाहेर आल्या. अंगावर रंग चढला, एकमेकींना हुसकायला लागल्या. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर अजून अंग भाजणारं ऊन असताना, मुळाच्या बारीक तंतूंवर तिला अंडी दिसली. मोहरीहून लहान, काचेच्या मण्यासारखी. अकरा. तिनं तीनदा मोजली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तरी लोक काय म्हणाले असते ते तिला पाठ होतं.

त्याच आठवड्यात गोमाजीनं तालुक्याला तोंडी तक्रार केली. आशाच्याच घरी घाण पाणी साठवलेलं आहे, म्हणून. पर्यवेक्षक टीना मॅडम शुक्रवारी तपासणीला येणार, असा निरोप आला. गुरुवारी रत्नमालाची मोहाडीला मीटिंग होती. मॅडम आल्या की त्यांना अंडीच दाखवायची, असं ठरवून ती गेली.

संध्याकाळी परतली तर शेजारची चंदा दारातच. "आता कशी शोभते पेटी!"

रत्नमाला आत गेली. पेटी लखलखत होती. इतकी, की पेटीतून पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचता येत होती. वच्छलाबाई पाट्यासमोर बसून चटणी वाटत होत्या. वरवंटा त्यांच्या हातात होता.

"मामी, हे काय केलं?"

"उद्या मोठ्या मॅडम येऊन राहिल्या न. गावात तुही इज्जत जाईन म्हून धुतली. तीन पाण्यानं. मंग सरकारी विहिरीचं पाणी भरलं अन् तुरटी फिरवली. पाह्य, कसं निवळलं."

"पानं?"

"उकिरड्यावर."

"अन् मूळ?"

"पाणी तापवाच्या चुलीत. लई मस्त जळलं वो थे."

रत्नमाला पेटीजवळ वाकली. अकरा अंडी अंघोळीच्या पाण्याखाली जळून गेली होती. पेटीत दोन टिकल्या पोट वर करून तरंगत होत्या. तीन वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होत्या. ती ओरडली, "गढूळ पाणी तुरटीनं साफ करतात, मामी, पन थे गढूळ नव्हतं!"

वच्छलाबाईंनी वरवंटा खाली ठेवला. "मंग सांगाचं होतं. गॅसवाल्याले सांगतलं, दूधवाल्याले सांगतलं. दोन महिने मी बिनचटणीची जेवली, मले सांगतलं का कधी?"

नव्हतं सांगितलं. घरच्या माणसाला काय सांगायचं, असं तिनं धरलं होतं. आता रागावायला समोर कोणी उरलं नाही, म्हणून ती स्वतःवर रागावली. त्याचाही काही उपयोग नव्हता. नवी पानं मुरायला पंधरा दिवस लागतात, आणि या तिघी रात्रही काढणार नव्हत्या. मुरलेलं, पानांचं, सावलीतलं पाणी आत्ताच्या आत्ता पाहिजे होतं. असं पाणी गावात कुठं आहे?

उत्तर सुचलं तसं तिनं कपाळावर हात मारून घेतला. तिच्याच रजिस्टरात होतं ते. लाल खुणेचं.

तिची चप्पल दारात अडखळली. गोमाजीच्या त्याच विहिरीवर त्याच्या आज्यानं निकेशच्या आज्याला चढू दिलं नव्हतं. ते म्हातारे गेले, काळ बदलला, आता गोमाजी बुद्धजयंतीची खीर चाटून खातो. पण या घरात एक नेम राहून गेला होता. तहानेनं मेलो तरी त्या दारात पाणी मागायचं नाही. नव्या सुनेला तो पहिल्याच आठवड्यात सांगितला जाई. रत्नमालाला तो आवडायचाही.

तिनं तिन्ही टिकल्या कॅनमध्ये घेतल्या आणि कॅन उचलली.

गोमाजी टाक्याच्या कठड्यावर खर्रा चघळत बसला होता. "काय आशाबाई, टाकं उपसाले आल्या? शुक्रवार उद्या आहे."

"उपसू नका."

"काय?"

"उद्या पन उपसू नका."

गोमाजीनं खर्रा थुंकला. "अवो माय! दोन वर्सं माहं डोस्कं खाल्लं तुनं!"

"काकाजी," रत्नमाला कॅन कठड्यावर टेकवत म्हणाली, "मले तुमचं पाणी पाहिजे."

या दारात तिच्या घरचं कोणी हे वाक्य कधी बोललं नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं. मग गोमाजीनं नजर टाक्याकडे वळवली. "बादलीभर का टाकंभर?"

"मासे सोडाचे आहेत. तीन."

"माह्या टाक्यात सोडले तं माहे झाले. हे पाहून घे."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. कॅनमध्ये एक टिकली आडवी होऊ लागली होती. "बरं," ती म्हणाली.

तिनं टाक्यातलं पाणी थोडं थोडं कॅनमध्ये ओतायला सुरुवात केली, मासे दचकू नयेत म्हणून. अर्धा तास गेला. "सोड न! मुहूर्त पाहून राहिली का?" गोमाजी वैतागला. तिनं कॅन आडवी केली. तीन चांदीचे ठिपके तांबूस पाण्यात गेले आणि येनाच्या पानांखाली दिसेनासे झाले. जे पाणी करायला तिनं पोतं वाहिलं, गंज जाळला, सासूची चटणी बंद केली, ते इथं फुकट तयार होतं, आणि दोन वर्षं ती ते ओतून द्यायला भांडत होती.

शुक्रवारी टीना मॅडम आल्या. रत्नमालाची पेटी कोरडी ठणठणीत. मॅडमनी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'आदर्श कोरडा दिवस' म्हणून. रत्नमालाला तो मोबाइल विहिरीत टाकावासा वाटला. मग सगळे गोमाजीच्या टाक्यावर. मॅडमनी ओगराळं बुडवून काढलं. सतरा अळ्या.

"रत्नमाला, हे तुझ्याच रजिस्टरात लाल आहे. उपसून घे, नाहीतर गप्पी मासे सोड."

"मॅडम, यात मासे आहेत. आपल्या इथले. अळ्याच खातात. गप्पी सोडले तर यांची पिल्लं राहणार नाहीत. आठ दिवस द्या."

"मी तं पयलेच म्हणत होतो, मॅडम," गोमाजी मध्ये घुसला, "टाकं चांगलं आहे, पन हे ऐकेच नाही."

रत्नमालानं दात आवळले.

"आठ दिवस," मॅडम म्हणाल्या. "अळी दिसली तर तू स्वतः उपसायचं."

आठही दिवस ती ओगराळं घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी नऊ अळ्या, सहाव्या दिवशी दोन. पुढच्या शुक्रवारी मॅडमनी तीनदा बुडवलं, तिन्ही वेळा नुसतं पाणी. रजिस्टरातली लाल खूण रत्नमालानं स्वतःच्या हातानं खोडली. ते करताना तिच्या हाताला जरा जडच गेलं.

ऑगस्टमध्ये भावाचा फोन आला. डोह भरला. रत्नमाला कॅन घेऊन वाडीत गेली. गोमाजी कठड्यावर होता. समोर विहिरीच्या कामाला आलेला एक मजूर टाक्यात वाकून पाहत म्हणाला, "पाणी बदला न, पाटील."

"तुह्या घरच्या चहाचं पाणी येऊ का बदलून द्याले?" गोमाजी खेकसला.

रत्नमालानं टाक्यात पाहिलं. पानांमधून टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके चमकत होते. तीस तरी. तिनं कॅनचं झाकण काढलं. "काकाजी, निम्मे द्या. डोहात सोडाचे आहेत."

"माहे आहेत. ठरलं होतं."

"ठरलं होतं."

गोमाजीनं बराच वेळ मान खाजवली. "निम्मे नेजो. पन मी येईन. डोह पाहीन. पसंत नाही पडला तं वापस आणीन."

तुमसरच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, कॅनमध्ये काय? रत्नमालानं तोंड उघडायच्या आत गोमाजी सुरू झाला. ही खास आंधळगावची जात, दुसरीकडे मिळत नाही, माझ्या टाक्याचा शोध आहे, नाकाडोंगरीले तं लोकांनी असा मासा पाह्यला नसन. पहिल्या दोन चुका तिनं सुधारल्या. मग कॅन मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

"होय ना वो, आशाबाई?" गोमाजीनं विचारलं.

"हाव," रत्नमाला म्हणाली.