उजवी कळी

मी गुरव आहे. देवाची पूजा हा आमचा पिढीजात धंदा, आणि देव बोलतो यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. यात विसंगती वाटत असेल तर एखाद्या मिठाईवाल्याला विचारा, शेवटचा पेढा आवडीने कधी खाल्ला होता म्हणून. मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालो, भरपूर वाचलं, आणि वडील गेल्यावर त्यांची तीन गावं सांभाळायला परत आलो. इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव वाचून हसणाऱ्यांतला मी. आज स्वतःच लिहायला बसलोय... तेव्हा तुम्हीही हसायला मोकळे आहात.

कामशेतहून आत गेलं की वडिवळे धरणाच्या अंगाला ही तीन गावं आहेत. नावं मुद्दाम देत नाही. सकाळी मोटरसायकलवरून तिन्हीकडे पूजा करायची, असं चौदा वर्षं चाललं. मग लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवाल्यांनी बोलावलं. त्यांनी स्विमिंग पूल आणि रेस्टॉरंट यांच्यामध्ये संगमरवरी मंदिर बांधलं होतं. माझा हुद्दा – ‘हेड, स्पिरिच्युअल एक्स्पिरियन्स’. हे वाचून माझी बायको इतकी हसली की दूध उतू गेलं. पण मुलीची शाळा लोणावळ्यात होणार होती. मी हो म्हटलं. माझ्यामागे गावं चुलतभावाने बघायची ठरली.

आता कौलाबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे भैरवनाथाला प्रश्न विचारतात. देवाच्या शेंदूर लावलेल्या तांदळ्यावर, म्हणजे त्या घडीव नसलेल्या पाषाणावर, दोन खांद्यांना तगरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मनासारखा कौल मिळाला नाही तर तीनदा लावता येतो. इतरत्र याला फेरमतदान म्हणतात.

आणि धंद्यातली गोष्ट अशी, की कुठली कळी पडणार हे गुरवाच्या अंगठ्यावर असतं. जी पडू द्यायची नाही ती अंगठ्याने शेंदरात दाबायची. दुसरी नुसती टेकवायची. वडिलांनी मला हे शिकवलं तेव्हा म्हणाले होते, “वाईटासाठी वापरू नको.” तेवढं पाळलं. लग्नं मोडू दिली नाहीत, भावाभावांत भांडणं लागू दिली नाहीत.

तिन्हीतल्या एका गावात ठकूमावशी राहते. तिचा प्रश्न दरवर्षी एकच. भाताची झोडणी झाली की नवा तांदूळ घेऊन यायची आणि विचारायची, “माजा लेक येनार हाय का?” तिचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी भांडून घरातून निघून गेला. गुजरातेतून एकदा फोन आला, मग तोही नाही. दरवर्षी मी डावी कळी दाबायचो. दरवर्षी उजवी पडायची. मावशी खूश होऊन घरी जायची.

गेल्या उन्हाळ्यात ती अंगणात पडली. खुबा दुखावला, डोळ्यांनीही फार कमी दिसायला लागलं. तिची मुलगी सुनंदा तळेगावला कंपनीच्या कँटीनमध्ये आहे. तिने आईला न्यायचा सगळा प्रयत्न केला. मावशीचं उत्तर ठरलेलं – देव म्हनतोय त्यो येनार, पोरगा आला अन् घराला कुलूप असलं तर?

माझा निरोपसमारंभ होता त्या सकाळी सुनंदा मला देवळामागे गाठून म्हणाली, “सदादादा, एवढं एक करून जा. यंदा डावी पाड. ती एकटी हितं मरंल रे.”

तिला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. हो म्हणालो. खरं तर बरं वाटलं. अकरा वर्षांचं खोटं जाता जाता फेडून जाऊ, असं वाटलं.

सकाळचे नऊ वाजले होते. गाभाऱ्यात मी, उंबऱ्याशी मावशी आणि सुनंदा. वारा नव्हता. लाईट गेलेली, म्हणजे पंखाही बंद. मी उजवी कळी शेंदरात दाबली, डावी नुसती टेकवली.

उजवी पडली.

मावशीने हात जोडले. सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची फसवणूक केली होती. “पुन्यांदा लाव,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदा अंगठ्याचा सगळा जोर लावला. उजवी पडली.

तिसऱ्यांदा मी लाज सोडली. उजवी कळी नखाने शेंदरात अर्धी रुतवली. डावी तर पाण्यात बुडवलीच नाही. कोरडी कळी उतरत्या दगडावर नुसती ठेवून हात काढला. ती तिथे राहायलाच नको होती. राहिली. आणि मी बघत असताना रुतवलेली कळी सावकाश बाहेर आली, शेंदरासकट, आणि ताम्हनात पडली.

“झालं,” मावशी म्हणाली आणि काठी शोधायला लागली.

अकरा वाजता माझा सत्कार झाला. फ्लेक्सवर माझा आधार कार्डावरचा फोटो, त्यामुळे निरोप नसून शोध चालू असावा असं वाटत होतं. एका पुढाऱ्याने माझा उल्लेख ‘तपस्वी’ असा केला. शाल, नारळ, तीन गावांचे तीन फेटे. मी अंगठ्याच्या नखातला शेंदूर काढत बसलो होतो.

सगळे पांगल्यावर देवळात परत जाऊन वीस वेळा कौल लावला. वीसही वेळा मी ठरवली तीच कळी पडली. थंडीने शेंदूर आवळला असेल, दगडाला ओल आली असेल... मग ती त्या तीन वेळाच का?

मावशी तळेगावला गेली नाही. सुनंदाने माझा फोन उचलणं बंद केलं. लोणावळ्यात मी मॅनेजरच्या सांगण्यावरून ‘सनसेट आरती’ करत होतो, आणि डोक्यात एकच – ती म्हातारी माझ्या खोट्यापायी तिथे एकटी आहे. महिन्याभराने सुट्टी घेतली. तिला सगळं सांगायचं ठरवलं. कौल लबाडीचा होता हे कळल्यावर तरी निघेल.

ती अंगणात होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. अंगठा, शेंदूर, अकरा वर्षं, सगळं.

“ठावं हाय,” ती म्हणाली.

“काय ठावं हाय?”

“डोळ्यानं कमी दिसतं मला, कानानं न्हाई. कळी दाबली की शेंदराचा चिकट आवाज येतो. तुझ्या बापाचा बी यायचा. दरसाली तू डाव्या अंगाला दाबायचास.”

“मग मावशी, कशाला यायचीस गं?”

“तू व्हय म्हनायचास ते ऐकाया. गावात दुसरं कोन म्हनत हुतं?”

मी तिच्याशेजारी खाली बसलो. ती पुढे म्हणाली, “यंदा तू उजव्या अंगाला दाबलास. तीनदा. मी म्हनलं, आता सदानं बी आस सोडली.” काठी देवळाच्या दिशेने रोखत ती म्हणाली, “पन त्यानं तुजं ऐकलं न्हाई. आता सांग, मी कशी जाऊ?”

मी गेलो होतो तिला मोकळं करायला. माझी लबाडी तिला तिथे बांधून ठेवत नव्हतीच. तिला बांधून ठेवलं होतं ते माझी लबाडी फसल्याने.

मुलगा अजून आलेला नाही. मी दर आठवड्याला जातो, आणि सुनंदा आता निदान दोन शब्द बोलते. कळ्यांचं काय झालं, ते वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा मावशी घरातली दुसरी खाट उन्हात टाकायला ओढत होती. खुबा धरून, एकेक वीत. अकरा वर्षं त्या खाटेवर कोणी झोपलेलं नाही. “राहू दे गं,” असं म्हणणार होतो.

म्हटलं नाही. दुसऱ्या बाजूने उचलली.