जावई सायकलवर आले

लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी मला विचारलं होतं, "छंद काय?" मी म्हणालो, "सायकल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगा सातपूरला कारखान्यात मिलिंग मशीनवर आहे, सायकलने कामाला जातो, साधा आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला. मी सुट्टी लागली की सायकल काढून सापुतारा, भंडारदरा, एकदा तर थेट दमणपर्यंत जाऊन आलो होतो, हे सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही. शेजारी बसलेल्या आईने माझ्या पायावर पाय दिला, म्हणून मी गप्प बसलो.

बायकोला हे लग्नानंतर आठ दिवसांनी कळलं. ती शाळेत गणित शिकवते. तिने शांतपणे विचारलं, "तिथे बस जात नाही का?" मी म्हणालो, "जाते की." तो विषय तिने तेव्हाच सोडवून बाजूला ठेवला असावा.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालतात, ताम्हनात तेहेतीस अनारसे आणि त्यावर दिवा ठेवून वाण देतात. जावयाची किंमत एरवी काहीही असो, त्या दिवशी तो देव असतो. सासुरवाडी देवळ्याची. सासरे कांद्याचे शेतकरी, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांचा निरोप आला आणि माझ्या डोक्यात वेगळंच चक्र फिरायला लागलं. नाशिक ते देवळा नव्वदेक किलोमीटर. चांदवडच्या पुढे भावडबारीचा घाट. तो घाट मी एसटीच्या खिडकीतून अनेकदा पाहिला होता, आणि दर वेळी पाय शिवशिवले होते.

"तू एसटीने ये," मी बायकोला म्हणालो. "मी पहाटे निघतो. दोघं दहापर्यंत पोचू. माझे चांगले कपडे तुझ्या पिशवीत घे."

"सायकलवर? धोंड्याला?"

"रस्ता चांगला आहे."

"रस्त्याचं नाही विचारत मी," ती म्हणाली, पण कपडे घेतले.

माझी सायकल तेव्हा जुन्या बाजारातून आणलेली, वळलेल्या हँडलची, पाच गिअरची होती. वजन कमी व्हावं म्हणून मी तिचे मडगार्ड काढून टाकले होते. आदल्या रात्री रस्ता भिजला होता. ओझरपर्यंत मागच्या चाकाने माझ्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा ओढला. मला तो दिसत नव्हता, त्यामुळे मी आनंदात होतो. पिंपळगावला केळी खाल्ली, चांदवडला चहा घेतला आणि भावडबारीला भिडलो. निम्म्या चढावर शेजारून चाललेल्या ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी करून विचारलं, "पंक्चर हाय का?" मी मान हलवली. "मग बसा की मागं!" मी पुन्हा मान हलवली. तो बराच वेळ मागे वळून बघत गेला.

दहाच्या सुमाराला मी सासऱ्यांच्या अंगणात उतरलो. अर्धी चड्डी, घामाने चिकटलेला बनियन, डोक्याला रुमाल आणि पाठीवर तो पट्टा. दाराला तोरण होतं. सासूबाई हातात तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन ओवाळून टाकायला बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"एकटेच?" त्यांनी विचारलं.

"ती एसटीने येतेय ना. आली नाही अजून?"

आली नव्हती. तिची बस चांदवडच्या अलीकडे बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी होती, हे आम्हाला नंतर कळलं. आत्ता फक्त एवढंच दिसत होतं की धोंड्याच्या दिवशी जावई चड्डीवर, सायकलवर, बायकोशिवाय आलाय. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, पण हात जरा घाईने फिरला.

आंघोळ झाली. माझे कपडे बायकोच्या पिशवीत. मेव्हण्याने आपली पँट दिली, ती गुडघ्याखाली कशीबशी वीतभर आली. शेवटी सासऱ्यांनी स्वतःचं कोरं धोतर काढून दिलं. मला ते नेसता येईना, म्हणून त्यांनीच मला उभं करून नेसवलं. निऱ्या खोचताना ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, चला, चाळ दाखवतो."

कांद्याची चाळ मी चार वेळा पाहिली होती. तरी गेलो. एका हाताने धोतर सावरत. चाळीच्या सावलीत त्यांनी एक कांदा उचलला, त्याची साल काढत राहिले.

"कंपनी बंद हाय का?"

त्या दिवशी आमच्या भागात विजेची सुट्टी होती, म्हणजे वीज वाचवायला आठवड्यातून एक दिवस कारखाने बंद. "हो, बंद आहे," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटून उघडले. "मग आता?"

"आता काय? मोकळाच आहे, म्हणून सायकल काढली."

"सायकल..."

"बरं वाटतं, मामा. डोकं शांत राहतं. नाहीतर घरात नुसतं बसून काय करायचं?"

त्यांनी कांदा खाली ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. या माणसाने लग्नातसुद्धा माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. "हे बघा, माणसावर येळ येती. इथं खळ्यावर देखरेखीला माणूस लागतोच. आपलं घर हाय. लाजू नका."

मला वाटलं, हा धोंड्याच्या महिन्यातला काही मानाचा भाग असावा. "बघू," मी म्हणालो, "तिला विचारतो."

घरी परतलो तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येत होता. घरातली माणसं आपसात अहिराणी बोलायची आणि माझ्याशी मराठी. मला अहिराणी अर्धीमुर्धी कळायची, आणि कळायची तीही नेमकी नको ती अर्धी.

"त्यास्नी नोकरी गयी वाटस," सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या. "भांडनबी व्हयनं वाटस. नाहीतं पोर कोठे शे?"

कोणाची तरी नोकरी गेली, एवढं मला समजलं. बिचारा, असं मनात आलं. मग पुरणाच्या वासाने भूक खवळली, पण बायको आल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. ओसरीवर बाज होती. पाच तास पायडल मारलेल्या माणसाने बाजेवर बसायचं नसतं. मी बसलो, आडवा झालो आणि मेलेल्यासारखा झोपलो. माशा बसायला लागल्या म्हणून कोणीतरी माझ्या अंगावरून डोक्यापर्यंत पांढरी चादर ओढली.

यानंतरचं मी प्रत्यक्ष पाहिलं नाही. मला जे जाग आल्यावर दिसलं आणि नंतर वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं, त्यावरून सांगतो.

दीडच्या सुमाराला बायको पोचली. दुसऱ्या बसमध्ये उभी राहून, चिखलात उतरून, दोन्ही हातांत पिशव्या. अंगणात तिला माझी सायकल आडवी पडलेली दिसली. दारात चार शेजारणी हळू आवाजात बोलत होत्या, त्या तिला पाहून गप्प झाल्या. सासूबाई धावत आल्या, लेकीच्या गळ्यात पडल्या आणि हंबरडा फोडला, "कसं वं व्हयनं तुनं, माय!" बायकोने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ओसरीवर बाजेवर, पांढऱ्या चादरीखाली, धोतर नेसलेला, पाय लांब केलेला नवरा.

तिच्या किंकाळीने मी उठून बसलो. चादर डोक्यावर तशीच होती. त्यामुळे शेजारणींपैकी दोघी पळाल्या.

"काय झालं? कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"तुम्ही!" बायको म्हणाली आणि मटकन खाली बसली. मग रडायला लागली. मग मधेच थांबून म्हणाली, "सांगितलं होतं मी! सायकलवर जाऊ नका म्हणून!" खरं तर तिने तसं सांगितलं नव्हतं, पण ती वेळ दुरुस्ती सुचवायची नव्हती.

पाणी प्यायल्यावर उलगडा सुरू झाला. नोकरी शाबूत आहे का? आहे. कंपनी? उद्या सकाळी सातला चालू. भांडण? नव्हतं, आता होईल. सासरे इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मला एकच विचारलं.

"मग एसटीला पैसे नव्हते का?"

"होते की."

"बस भेटली नाय?"

"बस होती, मामा. मला सायकलवर यायचं होतं. आवडतं मला."

मग ते सासूबाईंकडे वळून, मलाही कळावं म्हणून मराठीतच म्हणाले, "नोकरी हाय. डोकं गेलंय. वाढा आता."

मी सतरा धोंडे खाल्ले. त्यानंतर सायकलवर परत जायचा प्रश्नच उरला नाही. संध्याकाळी त्यांनी नाशिकला निघालेल्या कांद्याच्या टेम्पोवर माझी सायकल स्वतः बांधली, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आम्हा दोघांना बसवलं. भावडबारी उतरताना उतारावरचा तो सुंदर वारा मला काचेआडून बघावा लागला. बायको ताम्हन मांडीवर घेऊन झोपली होती. तिने झोपेतसुद्धा माझी बाही धरून ठेवली होती. ते पाहून मला पहिल्यांदा वाटलं की आपण जरा जास्तच केलं.

पण सवय सुटली नाही. पुढची दहा-बारा वर्षं मी दर दिवाळीला देवळ्याला सायकलवरच गेलो, फक्त कपडे स्वतःच्या पाठीवर बांधून. गाव सरावलं. मी पोचलो की सासरे सायकलभोवती एक फेरी मारायचे, मागचं चाक दाबून बघायचे आणि आत जायचे.

पंचविशीत मी शर्यतींमध्ये भाग घ्यायचो, तेव्हाही फारसं काही जिंकलो नव्हतो. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा उमाळा आला. सातपूर ते त्र्यंबक आणि परत, अशी एका मंडळाने हौशी लोकांसाठी शर्यत ठेवली होती. चाळिशीच्या पुढच्या गटात आम्ही तिघंच होतो. एक शाळेतले पीटीचे सर, एक दूध घालणारे गृहस्थ आणि मी. पहिल्या तिघांना बक्षीस होतं. म्हणजे शर्यत पुरी करायची, की बक्षीस नक्की. आयुष्यात अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

सासरे तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. एक डोळा नवा झाला होता आणि त्या डोळ्याने जे दिसेल ते सगळं पाहायचं, असा त्यांचा उत्साह होता. "मी बी येतो," म्हणाले. मेव्हण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ते सकाळी हजर झाले. फेटा, काळा चष्मा.

शिट्टी वाजली आणि दोनशे मीटरवर माझ्या कानाशी आवाज आला, "हाण! हाण! ढिला पडू नको!" तरुणपणी ते बैलगाड्यांच्या शर्यतीला जायचे. त्यांना शर्यत एकाच प्रकारची माहीत होती. आयुष्यभर मला 'जावईबापू, तुम्ही' म्हणणारे सासरे महिरावणीपर्यंत मला 'तू' म्हणत होते आणि तळेगावपर्यंत 'सर्जा'.

अंजनेरीच्या चढावर माझी चेन उतरली. बसवली, पण चढावर बसून पुन्हा वेग घेणं जमेना. पीटीचे सर केव्हाच दिसेनासे झाले होते, दूधवाले तर त्र्यंबकहून परत येताना समोर भेटणार होते. मी जवळजवळ थांबलो. तेवढ्यात पाठीवर मोठा, खरखरीत तळहात पडला आणि सायकल आपोआप पुढे जायला लागली. सासरे मोटारसायकलवरून उतरून, फेटा सावरत, मला ढकलत पळत होते. सत्तरीला टेकलेला माणूस, एक डोळा ऑपरेशनचा.

"मामा, सोडा! चालत नाही असं!"

"तू पुढं बघ!"

मागून पंचांची जीप आली. एका पोरगेल्या पंचाने भोंग्यातून माझा नंबर पुकारला आणि मी बाद झाल्याचं सांगितलं. सासऱ्यांनी मला सोडलं आणि जीपसमोर जाऊन उभे राहिले.

"का बाद?"

"आजोबा, तुम्ही ढकललं त्यांना."

"माझा जावई हाय. मी नाय ढकलणार तर कोण ढकलणार?"

त्या पंचाने नियमांचा कागद काढून पाहिला. जीपमधले दुसरे पंच तोंड फिरवून हसत होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हसत होतो, आणि डोळे का भरून येतायत ते मला कळत नव्हतं.

बाद असूनही मी त्र्यंबकला जाऊन परत आलो. सातपूरला पोचलो तेव्हा मंडप सोडत होते. सासऱ्यांनी खुर्च्या उचलणाऱ्यांना एक खुर्ची ठेवायला लावली होती, माझ्यासाठी. तिच्यावर बसून मी पाणी प्यायलो.

पुढच्या वर्षी त्याच शर्यतीचं पत्रक आलं. त्यात शेवटी एक नवा नियम छापला होता : स्पर्धकाच्या नातेवाइकांनी स्पर्धकास हात लावू नये. मी तो देवळ्याला फोनवर वाचून दाखवला. सासऱ्यांनी दोनदा वाचायला लावला.

"म्हंजी आपल्यामुळं नियम झाला?"

"हो, मामा."

"एक कागद मला पाठव," ते म्हणाले. "गावात दाखवायचा हाय."