ओळखीचं अक्षर

माझं अक्षर आमच्या वाडीत घराघरांत ओळखीचं होतं. देवरूखच्या पुढे डोंगरात आमची वाडी. कर्ती माणसं मुंबईला, आणि मागे राहिलेल्यांना लिहिता येत नव्हतं. सातवीत असल्यापासून सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो. सांगणाऱ्याचं सांगून झालं की अंतर्देशीय पत्राच्या घडीवर उरलेल्या जागेत एक ओळ लिहिणाऱ्याची असे: "पत्र लिहिणाऱ्याचा नमस्कार." असा रिवाजच होता. ती ओळ मी कधी चुकवली नाही.

पुढे रत्नागिरीत बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिलाच. ते शक्य झालं ते अण्णांमुळे. अण्णा एक साप्ताहिक चालवत आणि जिल्हा परिषदेवर आमच्या भागातून निवडून आलेले होते. छापखान्याच्या मागची खोली त्यांनी मला राहायला दिली. बातमी लिहायलाही त्यांनीच शिकवलं. "विशेषणं काढ. कुणी कुणाला मारलं ते लिही," एवढाच त्यांचा धडा. मी शिकवण्या करून राहतो असंच वाडीत सगळ्यांना वाटे. पेपरात लिहितो हे वडिलांनाही माहीत नव्हतं.

त्या वर्षी वाडीने एका विधवेला वाळीत टाकलं. बांधाचं भांडण गावकीपुढे न आणता ती पोलिसांत गेली, हा तिचा गुन्हा. विहिरीवर तिचा दोर कापला. गोठा जाळला. तिच्या मुलाला आंब्याला बांधून ओल्या शिंपटीने असा फोडला की आठ दिवस तो पालथा झोपत होता. मी त्याच्या पाठीवरचे वळ पाहिले आणि रत्नागिरीला परत येऊन बातमी लिहिली.

अण्णांनी ती दोनदा वाचली. "मुलाला मारणारा हा मानकऱ्यांचा थोरला ना? मागच्या निवडणुकीत माझं निशाण हाच घरोघरी घेऊन फिरला होता."

"होय."

"खरं आहे सगळं?"

"होय अण्णा."

"मग गेली वाडीची मतं," असं म्हणून त्यांनी कागद खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे दिला. बातमी आमच्या वार्ताहराकडून म्हणून छापून आली.

पुढच्या आठवड्यात भरदुपारी जीप थांबली. थोरला आणि पाच जण. त्याची मुंबईतली गिरणी बंद होती, म्हणून तो गावीच होता. आमच्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने खिडकीतून त्यांना पाहिलं आणि मला कागदाच्या रिमांमागे ढकललं. "तुला बघितलं तर तुझ्या बापाचं घर जाईल," एवढंच तो म्हणाला. फटीतून मला सगळं दिसत होतं.

"बातमी कुनी लिवली?" थोरल्याने विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले.

"तू? आमची विहीर कुठल्या अंगाला हाय ता तरी ठावं हाय तुला? मतां मागूक आलास तेवा गाडीतनं उतारला न्हायस." बाकीचे हसले. "वाडीतलाच कोनतरी मुंबयवाला हाय. लिवलेला कागूद दाव."

छापून झालेला मजकूर आम्ही महिनाभर तारेला खोचून ठेवत असू, कोर्टकचेरी झाली तर लागतो म्हणून. माझाही कागद तिथेच होता. थोरल्याची आई त्याला मुंबईला पत्र पाठवायची ते माझ्याच हातचं. एक ओळ दिसली असती तरी त्याने मला ओळखलं असतं.

ते तारेकडे वळले तसे अण्णा पुढे झाले. त्यांनी माझा कागद ओढून काढला, चुरगळला आणि तोंडात कोंबला.

कोणाला काही कळायच्या आत ते चावायला लागले होते. एकाने त्यांचे केस धरून मान मागे ओढली. दुसऱ्याने जबड्यात बोटं घातली, ती अण्णांनी चावली, तेव्हा तो बोंबलला. मग थोरल्याने मशीनजवळचा पाना उचलून त्यांच्या तोंडावर मारला. एकदा, आणि पुन्हा. दात मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त सदऱ्यावर आलं, खाली खिळ्यांवर सांडलं, तरी ते गिळतच होते. मग सगळ्यांनी मिळून त्यांना लाथांनी तुडवलं, जुळाऱ्याच्या पेट्या उलथ्या केल्या आणि गेले. एवढा वेळ मी रिमांमागे उभा होतो. बाहेर आलो नाही.

पंधरा दिवसांनी वाडीत गेलो तर मानकरीण काकींचा निरोप आला. धाकटा मुलगा मुंबईला गोदीत होता, त्याला पत्र लिहायचं होतं. मी त्यांच्या पडवीत बसलो. थोरला समोरच कोयत्याला धार लावत होता.

"लिव रं," काकी म्हणाल्या. "म्हनावं, पेपरवाल्याचं दात पाडलान तुज्या भावान. लिवनारा काय गावला न्हाय. गावला की त्याचं हात तोडनार म्हनून बसलाय."

"हात नको, बोटां पुरं," थोरला म्हणाला आणि स्वतःच हसला. "बोटां गेली म्हंजे लिवनार कशान?"

मी सगळं सांगितलं तसं लिहिलं. बोटांचं वाक्यही घातलं. शेवटी घडीवर जागा उरली. तिथे लिहिलं: "पत्र लिहिणाऱ्याचा नमस्कार. ती बातमीही याच हाताने लिहिली आहे." पत्र चिकटवलं आणि काकींच्या हातात दिलं. त्यांनी ते कौतुकाने पाहिलं.

पत्र मुंबईला पोचून धाकट्याचा निरोप गावात यायला आठ-दहा दिवस लागतील, हे मला ठाऊक होतं. वडिलांना सगळं सांगून मी घरीच थांबलो. त्यांनी एकच विचारलं, "खरां लिवलंस ना?"

दहाव्या दिवशी सकाळी थोरला माणसं घेऊन आला. पेंढ्याची उडवी पेटवली. वडील मधे पडले, त्यांचा हात दांडक्याने मोडला. माझा उजवा पंजा उंबऱ्यावर धरून थोरल्याने कोयत्याच्या पाठीने ठेचला. पात्याने तोडला नाही. काकी मागून ओरडत होत्या, "अरे, पत्रां कोन लिवनार मग!" त्यामुळे बोटं राहिली असं आई म्हणायची. दोन अजून वाकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने अण्णा आले. जबडा अजून धड उघडत नव्हता, शब्द नीट फुटत नव्हते. माझा हात पाहिला आणि तिथेच पडवीत उभ्याने भडकले. "गाढवा! तू स्वतःच सांगून टाकणार होतास तर मी तो कागद खाल्ला कशाला?"

वडील म्हणाले, "बसा. पानी घ्या."

पण घरात पाणी नव्हतं. आता विहीर आम्हालाही बंद होती. आईने मोकळा हंडा दाखवला. तेवढ्यात ती विधवा अंगणात आली. डोक्यावर हंडा. खालच्या पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, दोन चढ चढून तिने भरून आणला होता. वाडीत आता तिच्याशी बोलू शकेल असं घर आमचंच उरलं होतं.

अण्णा पुढची निवडणूक हरले. आमच्या वाडीतून त्यांना दोन घरांची मतं पडली.

त्या दिवशी मात्र ते खाली बसले. तांब्या तोंडाच्या डाव्या बाजूने लावला, कारण उजवीकडे दात नव्हते, आणि सगळं पाणी हळूहळू प्यायले.