आत्याच्या रक्तातलं प्रोटीन

आत्याला रक्ताचा कॅन्सर असल्याचं वडिलांनी सांगितलं, तेव्हा ती परसात मासे साफ करत होती. ती वडिलांची थोरली बहीण. विधवा होऊन आमच्या फुलचूरच्या घरी आलेली, आणि तेव्हापासून घर तिच्याच आवाजावर चालायचं. रोग जुनाट आहे, हळू वाढतो, सध्या औषध नको, नुसती नजर ठेवायची, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. एवढा आळशी रोग आपल्याच वाट्याला यावा, असं म्हणून आत्याने उरलेले मासे साफ केले.

वर्षभराने रिपोर्टात लिहून आलं की रक्तात एक विकृत प्रोटीन सापडलंय. वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, औषधाच्या दुकानात कामाला, म्हणून घरचे अर्धे डॉक्टर. त्यांनी निकाल दिला: प्रोटीन वाढलं, तर डाळ, अंडी, मासे बंद. तीन महिने आत्याच्या ताटात भात आणि दुधीच पडला. ती वाळत गेली आणि काका त्याला गुण म्हणत गेले.

मी तेव्हा कॉलेजात होते. एका दुपारी शेजारणीकडे गेले, तर आत्या चुलीपाशी बसून माशाचा रस्सा ओरपत होती. मला बघून लाजली वगैरे नाही.

"सांगशील तं सांग," ती म्हणाली, "पन मले आधी जेवू दे."

मी सांगितलं नाही. तिथेच बसून जेवले.

पुढे तिला वरचेवर ताप येऊ लागला, म्हणून काका आणि मी तिला नागपूरला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. बिघडलेल्या पेशी एकच निकामी प्रोटीन तयार करत होत्या, आणि रोगाशी लढणारी कामाची प्रोटीनं कमी पडत होती, ताप त्यामुळेच. खाण्याशी याचा काही संबंध नव्हता. उलट नीट न जेवल्याने अशक्तपणा आला होता.

आत्या काकांकडे वळली. "मंग मले दुधीवर काऊन ठेवलं रे?"

काका रिक्षा बघतो म्हणून बाहेर गेले.

बाईंनी सर्दीपडशाच्या माणसांपासून लांब राहायला सांगितलं होतं. आत्याला हा सल्ला फार आवडला. सडक अर्जुनीहून नातलग डोळे पुसत भेटायला आले, की ती दारातच त्यांच्या नाकांची चौकशी करायची. ज्यांच्याशी तिचं कधी पटलं नव्हतं, त्या सगळ्यांना तिने सर्दी झाल्याचं ठरवून टाकलं. काका एकदा शिंकले, तर पंधरा दिवस अंगणात बसवले.

अशी ती सात वर्षं जगली. दोनदा न्यूमोनियातून उठली, तिसऱ्यांदा उठली नाही. त्या आठवड्यात दवाखान्यात काका तोंडाला रुमाल बांधून तिच्या खाटेजवळ बसून असायचे. दम लागलेला असूनही ती मला म्हणाली, "याले घरी पाठव. उपाशी बसून राह्यला."

काका गेले नाहीत. मीही त्यांना पाठवलं नाही.