नऊ नंबरचा ठिपका

ठिपकेवाले, तुम्हाला सरळ काही सांगायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून तुमची गोष्ट तिऱ्हाइताला सांगावी तशी सांगते. मधे बोलू नका.

एका इस्पितळात आकड्यांचं काम करणारा एक गृहस्थ होता. चादरींच्या खोलीशेजारी त्याचं टेबल, टेबलावर संगणक आणि पडद्यावर दिवसभर ठिपके. एक रुग्ण, एक ठिपका. जेवणाच्या सुट्टीतही तो तिथेच, ठिपक्यांच्या पंगतीत एकटा.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना घरी जाऊन चालायला शिकवणारा एक विभाग तिथे होता. मोठ्या डॉक्टरांना तो बंद करायचा होता, आणि याच्याच चित्राने त्यांच्या हाती आयतं कोलीत दिलं. आडव्या रेषेवर घरभेटी, उभ्या रेषेवर चालायला लागेपर्यंतचे दिवस. जितक्या भेटी जास्त, तितका उशीर.

विभागाच्या बाई, म्हणजे अस्मादिक, तरातरा त्याच्या टेबलाशी आल्या.

"आमच्या पोरी घरोघरी जाऊन लोकांना पांगळं करतात, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी नाही म्हणत, ताई. ठिपके म्हणतात."

"बरं तोंड फुटलंय ठिपक्यांना. एकटे राहतात त्यांना मुळात उशीर लागतो, म्हणून आम्ही जास्त जातो. ते वेगळे काढलेत?"

"काढले की. रंग दिलेत."

बाईंनी पडद्याला नाक लावलं. "सगळे फिके निळेच दिसतात. चार तेवढे गडद."

"घरात कुणी असेल तर एक, एकटा असेल तर दोन. सांगितलं नाही त्यांना नऊ..." आणि तो मधेच थांबला.

संगणकाने एक, दोन, नऊ हे खरोखरचे आकडे धरले होते. नऊने सगळा गडदपणा गिळला, आणि एक-दोन जुळ्या भावंडांसारखे दिसत राहिले. वीस वर्षं आकडे कोळून प्यायलेला माणूस, आणि फसला कुठे, तर आकडा आणि नाव यांत.

त्याने त्या रकान्याला बजावलं, हे आकडे नव्हेत, गट आहेत. घरात माणूस असलेले हिरवे झाले, एकटे केशरी, न सांगितलेले करडे. हिरव्यांची रेघ वेगळी, केशऱ्यांची वेगळी, आणि दोन्ही खाली उतरत होत्या. भेटी वाढल्या की चालणं लवकर. केशरी ठिपके मात्र वर, उजवीकडे, लांब.

"केवढे आहेत हे," तो हळूच म्हणाला.

मोठ्या डॉक्टरांपुढे त्याने चूक आपली म्हणून पदरात घेतली. विभाग वाचला.

करड्यांपैकी तिघांना त्याने फोन करून विचारलं आणि रंग दिला. चौथा तसाच.

"याचा फोन लागत नाही?" बाईंनी विचारलं.

"तो मीच, ताई. गेल्या वर्षी पडलो, खुब्याचं ऑपरेशन इथंच झालं. भेटी नको म्हणून कळवलं होतं."

"मग सांगून टाका. घरी कोण?"

"बायको मुलीकडे गेलीय. पुढच्या महिन्यात येते म्हणते. पाच वर्षं म्हणतेय." त्याने खुर्ची मागे घेतली. "एक लिहावं की दोन, कळेना. तुम्ही एकदा येऊन घर बघा. म्हणाल तो रंग देतो."

"गुरुवारी येते."

गुरुवारी बैठक निघाली. मग माझी निवृत्ती, मग गुडघे, मग नुसता आळस. एकच जिना चढायचा होता, ठिपकेवाले. मी आले नाही.