उत्तरेकडची खिडकी

आज माझ्या तान्ह्या मुलीला बाबांच्या हातात दिलं, तर ते तिला घेऊन थेट उत्तरेकडच्या खिडकीशी गेले. बाबा हिऱ्यांचे दलाल. हिरा पाहायचा तो तिथल्याच मऊ, बिनउन्हाच्या उजेडात. आणि पुडी उघडली की बारीक खडे उडू नयेत म्हणून पंखा बंद. आमचं लहानपण असं श्वास रोखून गेलं. शिंक आली तर गॅलरीत पळायचं.

आजही कुणी न सांगता आईनं पंखा बंद केला. घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत झालं. पोरीचं जावळ उजेडात तरंगत राहिलं. वाटलं, या खिडकीत किती हिरे आले, क्षणभर चमकले आणि दुसऱ्यांच्या घरी गेले. आमच्याकडे उरली ती नुसती बघायची रीत.

"कानामागे डाग आहे," बाबा पुटपुटले. खोट आधी सांगायची, ही त्यांची धंद्यातली सवय.

आई हसली. "मग? परत द्यायची का?"

बाबांनी मुलीला छातीशी धरलं आणि खिडकीकडे पाठ केली.

"पंखा लाव गं," ते म्हणाले. "पोरीला उकडतंय."